वनाज ते येरवडा, काठमांडूमार्गे

वनाजहून मेट्रोने येरवड्याला जायला आता पाऊण तासही लागत नाही. मामांचा याआधीचा येरवड्याचा प्रवास पोलिसांच्या गाडीतून झाला होता, 1975 साली, मध्यरात्री. मिसाबंदी म्हणून, म्हणजे आणीबाणीत खटल्याशिवाय डांबलेले. सुटल्यावर ते त्या बाजूला मुद्दाम कधी फिरकले नाहीत. मी नेपाळचे फोटो दाखवत होतो तेव्हा म्हणाले, "काठमांडूला जाऊन राजवाडे बघतोस होय? चल, रविवारी तुला आमचा वाडा दाखवतो."

डेक्कनचं स्टेशन मावळ्याच्या पगडीसारखं बांधलंय. त्यावर मामांनी दिलेलं मत इथे लिहिण्यासारखं नाही. गाडी मुठेकाठाने निघाली आणि त्यांनी काठमांडूच्या नारायणहितीचा विषय काढला. या राजवाड्याचं आता संग्रहालय झालंय. सिंहासन, पेंढा भरलेले वाघ, 2001 च्या राजघराण्याच्या हत्याकांडाची जागा, सगळं तिकीट काढून बघता येतं. 2005 च्या फेब्रुवारीत राजे ज्ञानेंद्रांनी सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि 19 दिवसांत राजाला संसद परत बोलवावी लागली. 28 मे 2008 ला राजेशाहीच संपली. राज्यघटना मात्र सप्टेंबर 2015 मध्ये आली, तीही दोनदा संविधानसभा निवडून.

"एवढी वर्षं करत काय होते?"

"भांडत होते. प्रांत किती, सीमा कुठे."

"आमची घटना तरी जागेवर होती," मामा म्हणाले. "1977 ला मतदान झालं, पुण्यातून मोहन धारिया निवडून आले, आणि कोर्टं, वर्तमानपत्रं होती तीच पुन्हा कामाला लागली."

मला हेच महत्त्वाचं वाटतं. आपण परत आलो, त्यांना नव्याने उभारावं लागलं. तरी आपल्यालाही डागडुजी करावी लागलीच. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या कारणांतून 'अंतर्गत अशांतता' काढली, तिथे 'सशस्त्र बंड' घातलं आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरवलं. चिलीत पिनोशे 1988 चं सार्वमत हरला, पण लष्करप्रमुख म्हणून 1998 पर्यंत राहिला. इंडोनेशियात सुहार्तो 1998 मध्ये गेला, पण संसदेतल्या लष्कराच्या राखीव जागा 2004 पर्यंत टिकल्या. हुकूमशहा जातो त्या दिवसाचे फोटो छापून येतात; खुर्च्या कोण कधी रिकाम्या करतं, तिकडे फारसं कुणी बघत नाही.

येरवड्याला उतरून आम्ही कारागृहाच्या भिंतीच्या कडेने चाललो. ऊन मरणाचं होतं. आत संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरसही होते, समाजवादीही होते, आणि संध्याकाळच्या वादावादीत कुणी कुणाला सोडत नसे, असं मामा खुशीत सांगत होते. मी मानधनाचं विचारलं. महाराष्ट्रात आणीबाणीतल्या बंदींचं मानधन 2018 मध्ये सुरू झालं, 2020 मध्ये बंद झालं, 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं.

"निवडणुकीचा निकाल मला टीव्हीवर बघावा लागत नाही," मामा म्हणाले, "पासबुक भरून आणलं की कळतो."