कडी

आज संध्याकाळी खोलीत आले तर दाराला कडी होती.

एवढंच. पण तेव्हापासून पलंगाच्या कडेला बसून दाराकडे बघत बसलेय. जुनीच कडी, टोकाला झिजलेली. गेले आठ महिने तिच्या जागी नुसती चार भोकं होती, आणि त्या भोकांवरून मी काय कमी आकांडतांडव केलंय? मी काय कुक्कुलं बाळ आहे का, या घरात धड कपडे बदलायची सोय नाही, वगैरे. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि पेपर उघडायचे. ताई म्हणायची, "बघू गं नंतर." आता कडी आलीय तर माझ्याच पोटात गोळा. याला काय म्हणायचं?

विचारलं नाही कुणी. काढतानाही नव्हतं विचारलं. तेव्हा मला विचारून उपयोगही नव्हता म्हणा. तेव्हा मी... असो.

हे कालच्या फॉर्मचं फळ, दुसरं काही नाही. डॉक्टरांकडे दर खेपेला भरायचा असतो. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला 0 ते 3. पहिल्यांदा भरला तेव्हा 27 पैकी 23 आले होते. एवढे मार्क शाळेत कधी पडले नाहीत. काल 7. आणि नवव्या प्रश्नापुढे, म्हणजे जगण्यापेक्षा मेलेलं बरं वाटतं का त्या प्रश्नापुढे, पहिल्यांदाच शून्य. बाबा शेजारच्या खुर्चीत होते. मान न वळवता बघायची कला त्यांना आताशा चांगली साधलीय.

शून्य खरं आहे. दोन आठवड्यांचं विचारलंय, दोन आठवड्यांचं खरं आहे. तिसऱ्या आठवड्याचं फॉर्म विचारत नाही. म्हणजे मी खोटं बोलले का? नाही. मग कुणीतरी न मोजता हातात पैसे ठेवून निघून गेल्यासारखं का वाटतंय?

त्यापेक्षा गोळ्यांचं बरं. लागू पडायलाच चार-पाच आठवडे गेले, आणि आता बरं वाटतंय तरी अजून सहा महिने तरी घ्यायच्याच. मध्ये एकदा मनानेच बंद केल्या होत्या, तर मान वळवली की डोक्यात करंट बसायचा. गोळीचं माझ्याबद्दल काही मत नसतं. रात्री घेतली की झालं. शून्य लिहिलं म्हणून गोळी कडी बसवायला धावत नाही.

पहाटे चारला जाग अजून येते. फरक एवढाच की आता परत डोळा लागतो. पूर्वी सहापर्यंत पंख्याकडे बघत पडायचे, मग उठून ब्रशवर पेस्ट घ्यायचे आणि तो तसाच हातात धरून बसून राहायचे, पेस्ट सुकेपर्यंत. त्याच सुमाराला बाबांच्या सपाता दाराशी येऊन थांबायच्या. अजूनही थांबतात. दार बोटभर उघडतं, मी झोपेचं सोंग घेते, दार बंद होतं. दोघांनाही ठाऊक आहे.

उद्या कडी लावली तर? बोटभर उघडणार नाही दार. मग ते बाहेर उभे राहून काय करतील? वाजवतील? की वाजवणार नाहीत आणि तिथेच उभे राहतील, सत्तरीचा माणूस, अंधारात? माझ्यापायी या घरात कुणाला धड झोप नाही. मीच...

हे मात्र पुरे. उठले आणि कडी लावून बघितली.

लागत नाही!

दांडी सरकते आणि चौकटीवर जाऊन अडते. कोयंडा दोन सूत खाली. जुनी भोकं ढिली झाली असतील म्हणून बाबांनी जरा वर नवी पाडलीत. चार स्क्रूंपैकी एक काळा, आखूड, कुठल्यातरी डब्यातून शोधलेला. भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी झाली तरी ज्यांना जेवण जात नाही, त्या माणसाने हे काम केलंय. चुकून? दांडी, कोयंडा खालून, वरून, दोन-तीनदा निरखून बघितलं. कळायला काही मार्ग नाही.

सांगावं का त्यांना? कोयंडा वर घ्यायला पाच मिनिटं लागतील. ताईला सांगितलं तर ती लगेच सुतार बोलावेल.

हसूच आलं. चांगलं मोठ्यानं आलं. बाहेर सपाता थांबल्या.

"काही नाही हो बाबा," म्हटलं.