पालथं घालून बघ: बेळगाव-खानापुरात जुन्या बश्यांच्या मागावर

शनिवारी सकाळी निपाणीहून बस धरली. बेळगाव पाऊणशे किलोमीटर, त्यामुळे दहाच्या आत खडेबाजारात पोचले. शनिवार हा बेळगावच्या आठवडी बाजाराचा दिवस. गर्दीत काचसामान घेऊन फिरायची कल्पना चांगली नव्हे, हे तिथे गेल्यावर कळलं. तुम्ही जाणार असाल तर मधला वार धरा.

मला जेवणाच्या जुन्या चिनीमातीच्या प्लेटा हव्या होत्या, रोज वापरायच्या. एका गल्लीत जुन्या सामानाच्या दुकानात सहा मिळाल्या: पांढऱ्या, काठाला निळी वेलबुट्टी, मागे कसलाही शिक्का नाही. दुकानदार म्हणाले, "कॅम्पातल्या बंगल्यातनं आलंय, इंग्लंडचा माल." बेळगावात लष्करी छावणी इंग्रजांच्या काळापासून आहे, म्हणून हे लगेच पटतं. पण कोणत्या बंगल्यातून, कोणाकडून, हे त्यांना सांगता येईना. नऊशे रुपयांत सहा घेतल्या आणि दुपारच्या गाडीने खानापूरला मामांकडे गेले. बेळगावहून पंचवीस-सव्वीस किलोमीटर, रेल्वेही आहे आणि बसही.

खानापूर मातीकामाचं गाव. खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था इथे आहे आणि मामांचं निम्मं आयुष्य कौलं आणि भट्टीत गेलं. मी प्लेटांचा काठ दाखवत होते, तर ते म्हणाले, "तोंड काय बघत बसलीस? पालथं घालून बघ की."

मग त्यांनी बुडाचं कडं बोटाने फिरवून दाखवलं. तिथे झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नव्हती. अशी उघडी माती हीच सर्वांत खरी खूण. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरून आत जिरला, क्षणभरात डाग पडला. खऱ्या पोर्सिलेनवर थेंब तसाच बसून राहतो, कारण ती माती खूप तापवून काचेसारखी घट्ट झालेली असते. मोबाईलचा टॉर्च मागून धरला तर बोटाची सावलीही दिसेना. बोन चायना, म्हणजे मातीत हाडांची राख घालून केलेली, असती तर उजेड पिवळसर, उबदार झिरपला असता. पोर्सिलेनमधून थोडा थंड, निळसर. आमच्या प्लेटा अपारदर्शक होत्या, म्हणजे नुसती भाजलेली पांढरी माती, वर झिलई.

मागच्या बाजूला तीन बारीक खडे टोचल्यासारखे डाग होते. मी ते खराबी समजले होते. मामांनी सांगितलं, भट्टीत झिलईची भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे टोकदार तिवई ठेवतात, तिच्या टोकांचे हे डाग. म्हणजे प्लेट थरावर थर रचून भाजलेली.

काठाच्या वेलबुट्टीवर भिंग धरलं तर एके ठिकाणी वेल तुटून पुन्हा जुळत होती, फूल अर्ध्यावर कापलेलं. कागदावरून उतरवलेला छापा, गोल काठावर बसवताना सांधा उरला. हाताने रंगवलेल्यात ब्रशचा फटकारा जाड-बारीक होतो, प्रत्येक फूल वेगळं येतं. छापा झिलईखाली आहे की वर, हे नखाने कळतं: खाली असेल तर नख सरकतं, वर असेल तर कड लागते आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने रंग उडतो.

सहावी प्लेट वाजवली तेव्हा आवाज बसका आला. उजेडात तिरकी धरली तर केसाएवढी चीर, दुकानात मला ती दिसलीच नव्हती. फार वाईट वाटलं. पण मामांनी विचारून ती मोडली आणि तुटलेली कड माझ्या हातात दिली. आत खडूसारखी, भुरभुरीत, मळकट पांढरी. पोर्सिलेन असती तर तुटलेली कड काचेसारखी चमकली असती. एवढं स्पष्ट मला कुठल्याही वर्णनातून कळलं नसतं.

आता इंग्लंडचं काय? मागे देशाचं नाव नाही म्हणजे 1891 च्या आधीची, असं ठामपणे सांगणारे भेटतील. ते ज्या कायद्यावरून हे सांगतात, तो अमेरिकेचा: तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं ते तेव्हापासून. बेळगावच्या प्लेटेला तो बांधील नाही. शिवाय सेटमधल्या सगळ्या नगांवर शिक्का मारलेला असतोच असं नाही, आणि गुजरातेत थानगढला परशुराम गणपुले यांनी काढलेल्यासारख्या आपल्याकडच्या कारखान्यांनीही चिनीमातीची भांडी बनवली. म्हणून मी वहीत एवढंच लिहिलं: छापील झिलईदार मातीची प्लेट, कारखान्यातली, देश निश्चित नाही. खोटं नाव लिहिण्यापेक्षा हे बरं.

जाणाऱ्यांनी सोबत भिंग, पाण्याची छोटी बाटली, टॉर्च आणि जुनं सुती लुगडं न्यावं. लुगड्यात प्रत्येक प्लेट वेगळी गुंडाळावी, उभी ठेवावी, आडवी नको. दुकानात आधी प्रत्येक नग नखाने वाजवून पाहा, आणि "एष्टु?" (कानडीत "किती?") विचारून झालं की सरळ मराठीत बोला, गल्ल्यांत मराठी चालतं.

आणि एक गोष्ट कळकळीने: जुन्या झिलईत शिसं असू शकतं. चिंच, लिंबू, दही, लोणचं अशा आंबटात ते उतरतं, म्हणून शंका असेल तर त्यात जेवू नका. झिलईला जाळीसारखे तडे गेले असतील तर नकोच. बाजारातल्या घरगुती चाचणीवर भरवसा न ठेवता प्रयोगशाळेत तपासून घ्या. सोनेरी काठाची भांडी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका.

मीही तपासणी होईपर्यंत त्या पाच प्लेटांत काही वाढलेलं नाही. कपाटात पालथ्या ठेवल्यात, बूड वर.