वैशाखातले खुंटाळे

आजोबांच्या घराच्या भिंती दगडमातीच्या आणि जवळजवळ दोन फूट जाड होत्या. भिंत चढत असतानाच गवंड्याने तीत बाभळीच्या खुंट्या बसवून घेतल्या होत्या, आणि आजोबा मिलमधून परतले की टोपी, सदरा आणि डब्याची पिशवी या तीन वस्तू ठरलेल्या तीन खुंट्यांवर जात. आमच्या आताच्या घरातली मधली भिंत साडेचार इंची विटांची आहे; तिच्यात लाकडी खुंटी ठोकायला गेले तर वीटच निखळून येईल. खिळा ठोकावा, तर त्याला अडकवलेल्या ओल्या टॉवेलवर चार दिवसांत गंजाचा डाग पडतो, आणि सोलापुरात राहून टॉवेलाची अशी दशा करणे मला तरी बरे वाटेना. म्हणून मी खुंटाळे करायचे ठरवले.

खुंटाळे म्हणजे ओळीने खुंट्या बसवलेली आणि स्क्रूंनी भिंतीला घट्ट केलेली फळी. सगळा भार भिंतीतल्या एकाच भोकावर न येता फळीमार्फत चार ठिकाणी वाटला जातो, म्हणून पातळ भिंतीला हाच उपाय योग्य. अमेरिकेतील शेकर पंथीयांनी, ज्यांची पहिली छोटी तुकडी १७७४ मध्ये इंग्लंडहून तिकडे गेली, खोलीच्या चारही भिंतींवर अशा फळ्या फिरवल्या होत्या आणि झाडलोट करताना ते खुर्च्यासुद्धा त्यांवर टांगून ठेवत. मला मात्र चार फुटांची एकच फळी पुरेशी होती.

पहिले खुंटाळे मी श्रावणात केले आणि ते फसले. दिसायला ते नीटनेटके होते, खुंट्याही हातोडीने ठोकून बसवाव्या लागल्या इतक्या घट्ट होत्या. परंतु चैत्र संपेपर्यंत त्यांतल्या पाच बोटांनी गरगर फिरू लागल्या आणि एक तर छत्रीसकट खाली आली. खुंटी हलवून बळकट करावी असे आपण म्हणतो खरे, पण माझी खुंटी हलवली की आणखीच हलत असे. ओळखीच्या एका वृद्ध सुतारांना ती दाखवली, तेव्हा त्यांनी ती गालाला लावून पाहिली आणि एवढेच म्हणाले, "करताना वली हुती ही. उन्हाळ्यात वाळली, आन् सुटली."

त्यांच्या त्या एका वाक्यात सगळे शास्त्र होते. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, आडव्या अंगाने मात्र आटते. त्यातही वाढीच्या वलयांच्या दिशेने ते अधिक आटते, त्यामुळे ओलसर असताना गोल घासलेली खुंटी वाळल्यावर किंचित लंबगोल होते आणि भोकात दोन बाजूंनी सैल पडते. आपल्याकडचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा आणि कोरडा ठणठणीत, त्यामुळे पावसाळी हवेत बसवलेल्या सांध्याची परीक्षा इथे फार कडक होते. उपाय उलट्या क्रमाचा आहे: खुंट्या वैशाखात, अगदी खडखडीत वाळलेल्या असताना बसवायच्या, म्हणजे पुढे मृगाची हवा लागली की त्या फुगून भोकात आवळल्या जातात.

दुसऱ्या खेपेस फळीसाठी जुन्या लाकडाच्या वखारीतून सागवानी चौकटीचा तुकडा आणला. असे लाकूड कित्येक वर्षांचे मुरलेले असते, परंतु रंधा मारण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवून घ्यावे, कारण आत मोडून राहिलेला एक खिळाही रंध्याच्या पात्याला दाते पाडतो. फळी ४८ इंच लांब, साडेतीन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड ठेवली. दोन्ही टोकांना सहा इंच सोडून दर सहा इंचांवर एक, अशा सात खुंट्या तीत बसतात.

खुंट्यांना बाभूळ घेतली. बाभळीचा सरळ रेषांचा तुकडा करवतीने न कापता कुऱ्हाडीने उभा फोडावा, म्हणजे लाकडाचे तंतू खुंटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. कापलेल्या खुंटीत ते मध्येच तिरपे तुटतात आणि वजन पडले की ती तिथेच मोडते. कातारी खुंट्या कातून देतो, पण सातच करायच्या असल्याने मी चौकोनी काठीचे रंध्याने आठ कोन केले, मग कानशीने ती गोल केली. भिंतीबाहेर तीन इंच उरतील एवढी लांबी पुरे, कारण खुंटी जितकी लांब तितका टोकाला टांगलेल्या वजनाचा तिच्या मुळावरचा ताण वाढतो. फळीत जाणारा भाग अर्ध्या इंचाचा केला, रद्दी फळीतल्या भोकात तो पुन्हा पुन्हा घालून पाहिला आणि सगळ्या खुंट्या दहा दिवस गच्चीवरच्या पत्र्यावर वाळवल्या.

भोके किंचित तिरपी हवीत, म्हणजे खुंटीचे टोक वर राहते आणि कपडे घसरत नाहीत. सहा इंचांत अर्धा इंच चढ पुरतो. तेवढ्या उताराची पाचर कापून ती फळीखाली ठेवली की ड्रिल सरळ धरूनही सातही भोके एकाच कोनात पडतात.

केवळ फुगण्यावर विसंबून मात्र चालत नाही, कारण फार आवळलेले लाकूड पावसाळ्यात दबून बसते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सैल पडते. त्यासाठी प्रत्येक खुंटीच्या मागच्या टोकात करवतीने चीर पाडली, गोंद लावून खुंटी बसवली आणि मागून त्या चिरेत सागाची बारीक पाचर ठोकली. ती पाचर फळीच्या रेषांना आडवी असावी. रेषांच्या दिशेने ठोकली तर फळी उभी चिरते. हे ज्ञान मला एक फळी वाया घालवून मिळाले आहे.

शेवटी जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन पातळ हात दिले आणि दर वेळी जास्तीचे तेल पुसून काढले, नाहीतर ते चिकट राहते. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण वाळताना ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती उघड्यावर पसरून वाळवली. दोन आठवडे त्यावर कपडा टांगला नाही.

भिंतीवर चढवणे तासाभराचे काम होते. पाणसळीने रेघ मारली, स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली वायरचा पाइप असतो म्हणून ती जागा टाळली, आणि आठ मिलिमीटरच्या गिट्ट्या नुसत्या गिलाव्यात न बसवता विटेपर्यंत नेल्या. अडीच इंची चार स्क्रूंनी फळी बसली.

त्या खुंट्यांवरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला आहे. यंदाच्या मे महिन्यात चौथी खुंटी जरा कुरकुरली, फिरली मात्र नाही, आणि आषाढात तिचा आवाजही थांबला. धाकटीचा हात तिथवर पोहोचत नाही, त्यामुळे साडेतीन फुटांवर दुसरी फळी लावायची आहे. तिच्यासाठी फोडलेली बाभूळ सध्या माळ्यावर वाळत ठेवली आहे.