ओट्यावरच्या विळीची गोष्ट : आमची वाटचाल

आमचा कारखाना चिपळूणजवळ खेर्डीला आहे आणि त्यात आज नऊ माणसे काम करतात. आम्ही स्वयंपाकघरात रोज लागणाऱ्या वस्तू आखतो, घडवतो आणि विकतो. मात्र आमची खरी ओळख एकाच वस्तूमुळे आहे, ती म्हणजे उभ्याने वापरण्याची, ओट्याच्या कडेला पकडून बसणारी घडीची विळी. ती तयार व्हायला जितकी वर्षे लागली, त्याहून अधिक वर्षे ती नीट व्हायला लागली. ही हकीकत मुख्यतः त्या दुसऱ्या काळाची आहे.

सुरुवात २०१५ साली माझ्या आत्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर झाली. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला कायमची मनाई केली आणि त्या दिवसापासून तिच्या घरात नारळ खवण्याचे काम शेजारणीकडे गेले. मी तेव्हा मुंबईत औद्योगिक डिझाइनचे शिक्षण पूर्ण करून एका कंपनीत नोकरी करीत होते. संधिवात असलेल्या पत्नीची अडचण पाहून सॅम फार्बर यांनी जाड, मऊ मुठीची साल काढणी घडवून घेतली आणि त्यातून १९९० साली अमेरिकेत ऑक्सोची उपकरणे बाजारात आली, ही गोष्ट आम्हा विद्यार्थ्यांना इतक्या वेळा ऐकवली गेली होती की तिचा कंटाळा आला होता. आत्याच्या स्वयंपाकघरात उभी राहिल्यावर मात्र ती गोष्ट मला नव्याने समजली.

ओट्यावर ठेवायच्या खवण्या बाजारात नव्हत्या असे नाही. हँडल फिरवून चालणारी आणि खाली रबरी चकती असलेली खवणी पुष्कळ घरांत होती, पण ती बहुधा माळ्यावर पडलेली असे. रबरी चकती खालची हवा बाहेर काढून गुळगुळीत फरशीवर पकड घेते. आपल्याकडच्या जुन्या, खरखरीत कडाप्प्याच्या ओट्यावर तिला पकड मिळत नाही. जमिनीवरच्या विळीला असा काही आधार लागतच नाही, कारण बाई पाटावर बसली की तिचे स्वतःचे वजन विळीला धरून ठेवते. उभ्याने काम करायचे म्हणजे हे वजन नाहीसे होते आणि त्याच्या जागी दुसरे काहीतरी आणावे लागते. आमच्यापुढचा सगळा प्रश्न या एका वाक्यात मावतो, पण हे वाक्य सुचायलाच आम्हाला आठ महिने लागले.

माझे मामा लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या विभागातून, निवृत्त झाले होते. आम्ही दोघांनी मिळून पहिले नमुने केले आणि त्यांत मी एक मोठी चूक केली. ओट्यावर उघडे पाते ठेवणे धोक्याचे, असे ठरवून मी विळीचे पातेच काढून टाकले आणि फक्त खवणीचे डोके ठेवले. आम्ही बारा घरांत पंधरा-पंधरा दिवस नमुने ठेवले. वापरायचे कसे हे मुद्दाम सांगितले नाही. पहिल्याच आठवड्यात आत्याचा निरोप आला, “पातं कुठं गेलं गो? बांगडे काय खवणीवर कापू?” सुरी हातात धरली की कापायला एकच हात उरतो, विळीचे पाते स्थिर असते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. निसरडा मासा, चिकाने माखलेला फणस किंवा सुरण कापताना हे मोकळे हात किती मोलाचे असतात, हे कोकणातल्या कोणत्याही बाईने मला फुकट सांगितले असते. आम्ही पाते परत आणले, ते घडी होऊन फळीतल्या खाचेत जाईल असे केले आणि उघडे असताना मिटू नये म्हणून बुडाशी खिट्टी बसवली.

उंचीचा घोळ त्यानंतरचा. जमिनीवरच्या विळीची उंची तशीच उचलून आम्ही खवणीचे डोके ओट्यापासून १८ सेंटीमीटरवर ठेवले होते. ओटा साधारण ८५ सेंटीमीटर धरला तर हात एक मीटरच्या वर जातात, आणि बुटक्या बायकांचे खांदे दोन नारळांतच भरून येत. उंची १२ सेंटीमीटरवर आणली तर नारळाची वाटी खालच्या ताटाला आपटू लागली. शेवटी डोके थोडे पुढे झुकवले आणि तो प्रश्न सुटला. चव, म्हणजे खवलेले खोबरे, गोळा करायला प्लास्टिकचा ट्रे द्यायचा विचार होता. त्याच्या साच्याची किंमत ऐकल्यावर तो सोडला आणि घरातलेच नेहमीचे ताट खाली सरकेल एवढी जागा ठेवली. काटकसरीपोटी घेतलेला हा निर्णय पुढे लोकांना सर्वांत अधिक आवडला, याचे श्रेय मी कधी घेत नाही.

पकडीवर मामांनी जवळजवळ वर्ष घालवले. फिरवून आवळायचा स्क्रू मजबूत असतो, पण ज्यांची बोटे आखडलेली आहेत त्यांना तो पुरेसा आवळता येत नाही. खटक्याची पकड एका झटक्यात बसते, पण तिची चाल फार थोडी असते, म्हणजे कडेच्या जाडीतला थोडाच फरक ती सांभाळते. आणि ओट्याची कड कुठे १८ मिलिमीटर, तर दुहेरी पट्टी लावलेल्या ग्रॅनाइटला कुठे ४० मिलिमीटर. उपाय सापडला तो माझ्या भाच्याच्या गिअरच्या सायकलीत, सीटच्या खाली. तिथे नट फिरवून जाडी एकदाच जुळवायची असते आणि त्यानंतर रोज फक्त खटका दाबायचा असतो. आमच्या विळीत आजही तीच रचना आहे. घरातल्या तरुण माणसाने एकदा स्क्रू जुळवून दिला की आजीला पुन्हा कोणाला हाक मारावी लागत नाही.

एवढे होईपर्यंत आमच्या हातात एक चांगला नमुना होता, उत्पादन नव्हते. एक विळी कानशीने घासून सुबक करता येते, पण दोनशे विळ्या सारख्या हव्या असतील तर प्रत्येक भोकासाठी जिग, म्हणजे हत्यार नेमक्या जागी नेणारा साचा, लागते आणि प्रत्येक वाकणासाठी फिक्स्चर, म्हणजे भाग घट्ट धरून ठेवणारी चौकट. संख्या लहान असल्याने प्रेस टूलचा, म्हणजे पत्रा एका दाबात कापणाऱ्या साच्याचा, खर्च परवडणारा नव्हता, म्हणून पत्र्याचे भाग कोल्हापूरला शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लेझरने कापून घेतले. त्यावर घडी घालणे, वेल्डिंग आणि जुळणी खेर्डीत केली. कुंभार्ली घाटातून माल वर जायचा आणि खाली यायचा, आणि पावसाळ्यात दरड आली की तो जिथल्या तिथे थांबायचा.

पोलादाची निवड हा प्रकार मला कागदावर सोपा वाटला होता. भांड्यांना वापरतात ते ३०४ जातीचे स्टेनलेस, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले, गंजाला चांगले तोंड देते. पण त्याला उष्णता देऊन पाणी चढवता, म्हणजे कडक करता, येत नाही, म्हणून त्याचे दाते लवकर बोथट होतात. ४२० जातीत क्रोमियम १२ ते १४ टक्के असते आणि कार्बन पुरेसा असल्याने ते सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड केले की कडक होते, मात्र गंजाच्या बाबतीत ते ३०४ च्या मागे पडते. आम्ही सांगाडा ३०४ चा आणि पाते व दाते ४२० चे असे ठरवले. निर्णय बरोबर होता. घाई चुकीची होती. २०१८ च्या पहिल्या मालात उष्णतेने आलेला काळपट थर नीट काढून घासण्याआधीच आम्ही पाती खोक्यांत भरली, आणि गुहागर, दापोलीकडच्या दुकानांत श्रावणापर्यंत त्यांवर तांबूस ठिपके उमटले. समुद्रकाठच्या हवेतले मीठ अशी कसर सोडत नाही. आम्ही सगळा माल परत घेतला. त्या वर्षी नफा नावाची गोष्ट नव्हती, पण पॉलिश करणाऱ्या कारागिराचा पगार तेव्हापासून वेल्डरपेक्षा अधिक आहे.

फळी फणसाच्या लाकडाची आहे. लाकूड पावसाळ्यात तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. हे ठाऊक असूनही आम्ही गोल भोके पाडली आणि आषाढात फळ्या तडकल्या. आता आडव्या दिशेला भोके लांबट असतात.

विक्रीबद्दल आम्हा दोघांनाही काही कळत नव्हते. वस्तू तयार करून मग तिची किंमत काढायची, असा आमचा क्रम होता, तो दुकानदारांनी उलटा करायला लावला. विळी आम्हाला ४०० रुपयांत पडत असेल तर कर, दुकानदाराचा वाटा, वाहतूक, फुटतूट आणि आमचे पोट धरून छापील किंमत १२०० च्या आसपास जाते. म्हणून आता नव्या वस्तूचे पहिले चित्र काढण्यापूर्वी आम्ही गिऱ्हाईक तिला किती देईल ते ठरवतो आणि तिसऱ्या हिश्शात ती बसते का ते पाहतो. पुष्कळ चांगल्या कल्पना इथेच गळतात आणि मला त्याचे वाईटही वाटते.

घडीच्या रचनेचा खरा फायदाही विकताना कळला. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन किंवा आकारमानावरून काढलेले वजन, यांतले जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून सहसा ५००० ने भागतात. न मिटणाऱ्या विळीचे खोके ४५ बाय २५ बाय २२ सेंटीमीटरचे होते, म्हणजे सव्वादोन किलोच्या वस्तूला पाच किलोचे भाडे पडे. मिटलेल्या विळीचे खोके ४० बाय १६ बाय ८ इतके लहान झाल्यावर भाडे प्रत्यक्ष वजनावर आले. ऑनलाइन विक्री परवडली ती यामुळेच. शोधताना मात्र लोक ‘खवणी’ लिहीत नाहीत, ‘कोकोनट स्क्रॅपर’ लिहितात, म्हणून आम्हीही नाइलाजाने तेच नाव पुढे लावले. खोक्यावर छापील किंमत, उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच, हे २०११ चे वैधमापनाचे नियम सांगतात. आमचा पहिला छापील गठ्ठा महिना लिहायला विसरल्यामुळे रद्दीत गेला.

नक्कल हा आमच्या अज्ञानाचा दंड होता. डिझाइन कायदा २००० नुसार नोंदणी झालेल्या रूपाला १० वर्षे आणि नूतनीकरणाने आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते, पण अर्ज करण्याआधी ते कोठेही जाहीर झालेले नसावे लागते. आम्ही पहिली विळी आधी एका प्रदर्शनात मांडली आणि अर्जाचा विचार नंतर केला. दोन वर्षांत तिच्यासारखी दिसणारी, हलक्या पत्र्याची विळी निम्म्या किमतीत बाजारात आली. नंतरच्या, झुकलेल्या डोक्याच्या विळीची नोंदणी आम्ही वेळेवर केली. खटक्याच्या पकडीसाठी पेटंट मागितले नाही, कारण सायकलीतली जुनी युक्ती आम्ही शोधली असे म्हणणे खोटे झाले असते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात कारखान्यात पाणी भरले. लाकूड, खोकी आणि दोन मोटारी गेल्या. जिग पोलादाच्या असल्याने चिखल धुऊन, तेल लावून पुन्हा उभ्या राहिल्या. गणपतीपूर्वीचा महिना हा आमचा वर्षाचा मुख्य हंगाम, कारण मोदकांच्या सारणासाठी नारळ तेव्हाच सर्वाधिक खवले जातात आणि परतणारे चाकरमानी मुंबईला विळ्या घेऊन जातात. त्या वर्षी तो हंगाम बुडाला.

सध्या आमचे लक्ष दोन गोष्टींवर आहे. मुंबईच्या इमारतींत धारवाला फिरत नाही, म्हणून बोथट पाते टपालाने परत घेऊन धार लावलेले दुसरे पाठवण्याची सोय आम्ही सुरू केली आहे. त्यासाठी पाते एका खिळीवर निघेल असे करावे लागले. दुसरी गोष्ट आंबा काढण्याच्या घळीची, म्हणजे लांब काठीला बांधलेल्या झेल्याची. देठासह आंबा काढला की चीक फळावर ओघळत नाही, आणि त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘नूतन’ झेला बागायतदारांना माहीत आहेच. त्याच्या डोक्यात हात घालायचे आम्हाला कारण दिसत नाही. अडचण काठीची आहे : लांब बांबू टेंपोत मावत नाही आणि ॲल्युमिनियमची काठी विजेच्या तारांजवळ जीवघेणी ठरू शकते. दोन बांबू जोडणारा, वीज न वाहणारा सांधा आम्ही केला आहे. येत्या हंगामात तो पाच बागांत द्यायचा आहे, आणि या वेळीही तो कसा लावायचा हे गड्यांना आधी सांगायचे नाही, असे मामांनी बजावले आहे.