हनोईतच राहायचं की होई आन गाठायचं

गुरुवार, रात्री उशिरा

ताई पलीकडे तोंड करून झोपलीये. भांडण वगैरे नाही झालं, पण विषय अर्धवट राहिला आणि मला काही झोप लागत नाहीये म्हणून लिहीत बसलेय. प्रश्न साधा आहे, उरलेले दिवस इथेच हनोईत काढायचे की खाली मध्य व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या गावाला जायचं. घरून निघताना जायचं-यायचं तिकीट तेवढं पक्कं केलं होतं आणि मधलं सगळं मुद्दाम मोकळं ठेवलं होतं, म्हटलं तिथे जाऊन हवा-पाणी बघून ठरवू, आता आलोय तर दोघींचं एकमत होईना.

ताईची बाजू आधी लिहिते कारण ती खरंच भक्कम आहे. पहिलं म्हणजे हवा. मार्चमधलं हनोई म्हणजे दिवसभर भुरभुर, छत्री उघडायची लाज वाटावी इतकी बारीक पण तासाभरात ओढणी ओलीच, आणि दमटपणा तर असा की हॉटेलच्या फरशीला अक्षरशः घाम फुटतो. सकाळी बाथरूमच्या बाहेर पाय टेकवला तर टाइल ओली, भिंतीला हात लावला तर भिंत ओली, आल्या दिवशी धुतलेले मोजे अजून ओलेच. आम्ही आपल्या सवयीने हवा खेळती राहावी म्हणून खिडकी उघडून ठेवली तर रिसेप्शनवरची मुलगी वर आली आणि गच्च बंद करून गेली, बाहेरचाच ओलावा आत येतो म्हणे, म्हणून या दिवसांत इथे सगळे दारंखिडक्या लावून बसतात. तिकडे होई आनला मात्र आत्ता कोरडं ऊन. त्यांचा पाऊस सप्टेंबरनंतर सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात थू बोन नदी कधीकधी थेट गावात शिरते, जुन्या घरांमध्ये कुठल्या वर्षी पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा भिंतीवर करून ठेवल्यात. म्हणजे पुढे कधी दिवाळीच्या सुट्टीत येऊ म्हटलं तर तिथले ते प्रसिद्ध कंदील गुडघाभर पाण्यात उभं राहून बघावे लागतील.

दुसरं म्हणजे रस्ते. हनोईत रस्ता ओलांडायचा एकच नियम आहे, एकदा पाऊल टाकलं की थांबायचं नाही, पळायचं नाही आणि मागे तर अजिबात यायचं नाही, सावकाश एका चालीत चालत राहायचं, स्कूटरवाले आपापले तुम्हाला वळसा घालून जातात. मला ते पहिल्या दिवशीच आवडलं. ताई मात्र अजून माझी बाही धरूनच रस्ता ओलांडते, मध्येच डोळे मिटते, आणि पलीकडे पोचली की अगं मी इथे रोज मरतेय असं म्हणते. होई आनच्या जुन्या भागात दिवसातले बरेच तास मोटरगाड्या-स्कूटर बंद असतात, नुसतं चालायचं नाहीतर सायकल, हे तिने कुठेतरी वाचलंय आणि तेव्हापासून ते पाठ झालंय.

आज जेवताना तिने पर्समधून वीस हजार डाँगची निळी नोट काढली आणि टेबलावर ठेवली. मागच्या बाजूला होई आनचा तो छपराचा पूल आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या जपानी व्यापाऱ्यांनी बांधलेला. नोटेवर छापतात म्हणजे काहीतरी असेलच ना, असं तिचं म्हणणं. मग मी शंभर हजाराची हिरवी काढली, तिच्या मागे इथलं साहित्य मंदिर आहे, वान मियु. माझी मोठी आहे म्हटलं. ती हसली, पण नोट उचलली नाही.

आता माझं. वान मियुत आम्ही परवा गेलो होतो. 1070 मध्ये बांधलेलं कन्फ्युशियसचं देऊळ, काही वर्षांनी तिथेच राजाने विद्यापीठ सुरू केलं. आत दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिलालेख उभे आहेत, दरबारी परीक्षेत पास झालेल्यांची नावं, त्यातली पहिली परीक्षा 1442 ची. कासवांची डोकी एकदम गुळगुळीत झालीयेत कारण परीक्षेआधी मुलं येऊन त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायची, शेवटी कुंपण घालावं लागलं. आम्ही होतो तेव्हा युनिफॉर्ममधली दोन पोरं कुंपणावरून हात लांब करून बघत होती, पोचत नव्हता, तर एकाने छत्रीची मूठ पुढे केली. ताई मास्तरीण आहे, ती तिथून हलेचना. तिला तेव्हा आवडलं होतं हनोई, आत्ता कबूल करणार नाही.

आणि जुन्या वस्तीतल्या गल्ल्या. एकेका धंद्याची एकेक गल्ली, नावातच माल, हांग बाक चांदीची, हांग मा कागदाची. हांग मा मध्ये पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू मिळतात, आणि काय नाही तिथे, कागदी शर्ट-टाय सेलोफेनमध्ये घडी घातलेला, कागदी बूट, कागदी स्कूटर, डॉलरच्या खोट्या नोटांच्या गड्ड्या, आणि खोक्यासकट कागदी स्मार्टफोन, सोबत चार्जरही. आपण पितरांना पान वाढतो आणि कावळ्याची वाट बघतो, हे लोक चार्जर पाठवतात. दुकानदार बाई एका गिऱ्हाइकाला फोनचं मॉडेल दाखवत होती, गिऱ्हाईक मान हलवत होतं की नको, दुसरं दाखवा. आमच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

हेच मला हवंय बहुतेक. म्हणजे कोणी आपल्यासाठी काही मांडून ठेवलेलं नाहीये, त्यांचं चाललंय आणि आपण मध्ये उभे आहोत. हे शहर 1010 पासून बहुतेक काळ राजधानी आहे आणि त्याला मागे वळून बघायला वेळच नाही, पाडतात, बांधतात, जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर मोबाइल रिपेअर आणि वर कपडे वाळत (वाळत कसले). होई आनचं उलट झालं. पंधराव्या शतकापासून केवढं मोठं बंदर, जपानी आले, चिनी आले, युरोपातली जहाजं आली, आणि मग नदीत गाळ भरत गेला, मोठी जहाजं आत येईनात, सगळा व्यापार शेजारच्या दा नांग बंदराला गेला. धंदा गेला म्हणून घरं राहिली. कोणाकडे पाडून नवीन बांधायला पैसाच नव्हता, आणि 1999 मध्ये ते जागतिक वारसा झालं. आता त्या पिवळ्या घरांत शिंपी आहेत, कॅफे आहेत, परदेशी माणसाला जुनी घरं-देवळं आतून बघायला एक लाख वीस हजार डाँगचं तिकीट आहे, आणि गाव आमच्यासारख्यांवर जगतं. त्यात वाईट काही नाही, पैसा त्याच घरांच्या दुरुस्तीला लागतो, तो पूलसुद्धा 2024 मध्ये दुरुस्त होऊन परत उघडला. पण मला तिथे पाहुणी म्हणून जायचा कंटाळा येतोय. न बघताच असं बोलू नये असं ताई म्हणते, तिचं बरोबर असेल.

एकच गोष्ट मला तिकडे ओढतेय आणि ती ताईला मी मुद्दामच सांगितली नव्हती, तर तिने आज स्वतःच शोधून काढली. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर मी सन आहे, चंपा नावाच्या इथल्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून पुढे बांधलेली विटांची शिवमंदिरं, देवाचं नाव भद्रेश्वर, शिलालेख संस्कृतमध्ये. 1969 च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात सगळ्यात मोठं देऊळ गेलं. नंतर आपल्या पुरातत्त्व खात्याचे लोक तिथे दुरुस्तीला होते आणि 2020 मध्ये खोदताना त्यांना अख्खं वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं, नवव्या शतकातलं. हे वाचून दाखवलं आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी गप्प अंडा कॉफी पीत बसले. (ती कॉफी एवढ्याशा कपात येते आणि कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवलेला असतो. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा इथल्या एका हॉटेलातल्या माणसाने दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला, ते टिकलं. वास येत नाही, ताईनेही घेतली.)

मग मी म्हटलं, जाण्यायेण्यातच दोन दिवस जातील, परतीचं विमान हनोईहूनच आहे, विमान सव्वा तासाचं असलं तरी इथला विमानतळ लांब, दा नांगला उतरून परत गाडी करून तीसेक किलोमीटर. शिवाय उद्या शुक्रवार, संध्याकाळपासून इथल्या होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद होतात, रविवार रात्रीपर्यंत, तुला हवंय ते चालणं इथेच मिळेल की.

तर ती म्हणाली, मग तू राहा ना. मी जाते.

मला वाटलं चिडून बोलली. पण नाही, तिने फोनवर गाडी आधीच बघून ठेवली होती. विमान नाही, आगगाडी. रात्री हनोईहून निघते, दुसऱ्या दिवशी ह्यू शहर सोडलं की हाय वान घाट लागतो आणि समुद्र डाव्या हाताला अगदी रुळाखाली, म्हणून डावीकडची जागा हवी, एवढं सगळं तिला माहीत. दा नांगपर्यंत 791 किलोमीटर, सोळा-सतरा तास. येताना विमानाने येईन म्हणाली. लग्नानंतर ही बाई माहेरी यायला म्हटलं तरी कोणाच्यातरी सोबतीने येते, आणि रस्ता ओलांडायला बाही धरते. मी हे बोलून दाखवलं. तेव्हा ती म्हणाली, तिथे रस्ताच ओलांडायचा नाहीये, आणि कूस बदलली.

आता मी इकडे विचार करतेय की मला नक्की कसली भीती वाटतेय, तिच्या एकटीने जाण्याची की स्वतःचा मुद्दा हरण्याची, कारण एकटीला हनोई बघायची कल्पना सुरुवातीला छान वाटली आणि पाच मिनिटांनी तितकीशी छान वाटेना. लाँग बिएनच्या पुलावर पहाटे जायचं होतं, ते तिला नकोच होतं, ते आता करता येईल. पण संध्याकाळी जेवताना समोर कोण.

मी तिच्यासोबत जाणार नाही, हे मात्र नक्की. गेले तर दोन दिवस मीच पुढे चालणार, मीच तिकीट काढणार, आणि ते तिला आत्ता नकोय हे मला कळलंय. सकाळी उठल्यावर तिने परत तेच म्हटलं तर खालच्या बर्थचं तिकीट काढून देईन, पॉवरबँक तिला देईन, हॉटेलचा पत्ता व्हिएतनामीत लिहून तिच्या पर्समध्ये ठेवीन. राहता राहिली आई. तिचा रोज रात्री व्हिडिओ कॉल असतो आणि दोघी एका फ्रेममध्ये दिसलो नाही तर पहिला प्रश्न मलाच. ताई म्हणेल सांगूच नको. मी म्हणते गाडी सुटल्यावर सांगू.