टोपीची टाळू

बेळगावच्या खडेबाजारात उन्हाळी टोप्या दोरीला टांगलेल्या दिसल्या की एखादी गवती टोपी हातात घेऊन, ती डोक्यावर चढवण्याआधी, तिची टाळू निरखण्याची मला खोड आहे. दुकानदारांना ती मुळीच आवडत नाही. परवा दुपारीही तेच झाले. टाळूपासून कडेपर्यंत दोऱ्याची शिवण गोल गोल फिरत गेली असेल, तर काडाच्या वेण्या एकमेकींना शिवून ती टोपी केलेली असते. इंग्लंडातले ल्यूटन गाव एके काळी अशाच टोप्यांवर पोसले गेले. पण टाळूवर काड्यांची बारीक चांदणी दिसली आणि तिथून वीण कुठेही न तुटता कडेपर्यंत उतरली असेल, तर ती अखंड विणलेली.

अशा टोप्या इक्वेडोरच्या. पनामाच्या बंदरातून जगभर गेल्या म्हणून नाव मात्र पनामाचे झाले. तोकिया हे झाड ताडासारखे दिसते, पण ते ताड नव्हे; त्याचे तंतू उकळून, वाळवून, गंधकाच्या धुरीने उजळ करतात. मोंतेक्रिस्तीकडचे विणकर अतिशय बारीक वीण पहाटेच्या किंवा रात्रीच्या ओलसर गारव्यात घालतात, कारण तापलेल्या कोरड्या हवेत तंतू तुटतो. एक टोपी दिवसभरातही होते आणि ८ महिनेही खाते. २०१२ मध्ये युनेस्कोने या विणकामाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली.

आमच्या खानापूर भागातले इरले कोणत्याही यादीत नाही. वैशाखात बुरूड येई, परसातल्या फणसाखाली बसून हिरवा बांबू फोडी आणि बोटांतून सरसर कामट्या काढी. त्या ओल्या बांबूचा वास जेवणाच्या पानापर्यंत येत असे. कामट्यांच्या दोन जाळ्या, मधे दाबून बसवलेली पळसाची पाने, एवढाच त्याचा संसार, पण ते डोक्यावरून पाठीवर ओढले की भाताचे रोप लावायला दोन्ही हात मोकळे राहत. पावसात मी आजीचे इरले घेऊन अंगणात उकिडवा बसे. वर पानांवर सरींचा ताशा आणि आत कोरडी, उबदार जागा. "ठेव की रे ते, पानं फाटतील!" असे आजी ओरडे, आणि ती फाटतही.

पाने दरसाल कुजत, म्हणून बुरूड दरसाल येई आणि त्याच्या शेजारी बसून त्याचा मुलगा कामट्या तासायला शिके. खताच्या पिशवीची खोळ आली तेव्हा हे सगळेच थांबले. खोळीत घाम फार येतो, पण ती कुजत नाही.

तो मुलगा आता उद्यमबागेत लेथवर काम करतो आणि मला पाहिले की ओळख देतो. बांबू का सोडला, हे मी त्याला कधी विचारलेले नाही. मी स्वतः छत्री वापरतो.