ड्रॅगमधली ती लाट पकडली! (सिलिंडर, री म्हणजे रेनॉल्ड्स नंबर 100)

सापडली एकदाची! चॅनलमधल्या सिलिंडरभोवतीचा प्रवाह मी लॅटिस-बोल्ट्झमनने (जाळीच्या नोडांवर स्टेप-स्टेपने प्रवाह काढायची पद्धत) सोडवतोय. मागच्या वेळी ड्रॅगचा (प्रवाह सिलिंडरला आपल्या दिशेने ढकलतो ते बल) ग्राफ टाकला होता ना, ज्यात शेडिंगच्या (सिलिंडरमागे आळीपाळीने भोवरे सुटण्याच्या) बारीक नागमोडीखाली एक संथ मोठी लाट दिसत होती आणि निम्म्या मंडळींनी "ग्रिड बारीक कर" सांगितलं होतं, तिचा ग्रिडशी काडीचा संबंध नाही. ती चक्क आवाजाची लाट आहे.

सेटअप तोच, शेफर-ट्युरेकचा 1996 चा बेंचमार्क (ज्याच्या उत्तरांशी आपलं उत्तर ताडून बघायचं), एका व्यासाला 40 नोड म्हणजे 880 बाय 164 ची जाळी, सरासरी वेग 0.05, टाऊ (चिकटपणा ठरवणारा आकडा) 0.56. इनलेटला झू-हेच्या (टोकाला वेग किंवा घनता बांधायच्या) रीतीने वेगाचा पॅराबोला, आउटलेटला झू-हेचीच घनता 1, भिंतींना हाफवे बाउन्स-बॅक (भिंतीवर आलेलं उलटं परत पाठवायचं). शेडिंगचा पिरियड साधारण 2,670 स्टेप्स यायला हवा, लिफ्टमध्ये (प्रवाहाला काटकोनातलं बल) तसाच येत होता, ड्रॅगमध्ये त्याच्या निम्मा, इथपर्यंत सगळं ओके. पण ड्रॅगचा एफएफटी (त्यात कुठले पिरियड किती जोरात आहेत ते) काढला की 6,100 च्या आसपास एक भलतंच शिखर, आणि लाखभर स्टेप्स गेल्या तरी ते पूर्ण मरत नव्हतं. त्यामुळे ड्रॅगचं मॅक्सिमम कुठलं धरायचं हेच कळेना, खिडकी जरा सरकवली की आकडा बदलायचा.

आधी आउटलेटवर संशय घेतला. भोवरे बाहेर पडताना तिथे गडबड होते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून शेवटच्या 120 कॉलममध्ये स्पंज (हालचाल जिरवणारा पट्टा) घातला, तिथे टाऊ हळूहळू 1 पर्यंत चढवला. भोवरे मस्त विरघळले, आउटलेटजवळचा प्रेशरचा प्लॉट इतका स्वच्छ झाला की वॉलपेपर लावावा, आणि लाट? जशीच्या तशी. इथे डोकं फिरलं.

मग चॅनल अर्धा केला, 440 नोड. शेडिंगचा पिरियड जागचा हलला नाही, पण ते शिखर सरळ 3,050 वर आलं. म्हणजे लाटेला सिलिंडर माहीतच नाही, तिला फक्त लांबी माहीत आहे. लॅटिसमध्ये आवाजाचा वेग एक भागिले रूट तीन, म्हणजे 0.577. 4 गुणिले 880 भागिले 0.577 केलं, उत्तर 6,097. अक्षरशः टाळी वाजवली. बारावीच्या प्रॅक्टिकलची रेझोनन्स ट्यूब आहे ही, पाण्याकडचं टोक बंद, वरचं उघडं! इनलेटला वेग बांधून ठेवलाय म्हणून आवाजाच्या दृष्टीने ते बंद टोक, आउटलेटला घनता बांधलीय म्हणून ते उघडं, दोन्हीकडून लाट जवळपास पूर्ण परत येते आणि आत फेऱ्या मारत बसते. स्पंज का चालला नाही तेही मग उमगलं, या लाटेची तरंगलांबी 3,520 नोड, तिला 120 नोडांचा स्पंज काय करणार?

आणि ही लाट उठवतं कोण, तर पहिली स्टेप. शून्य वेगाच्या पाण्यावर पूर्ण पॅराबोला एकदम आदळतो. म्हणून इनलेटचा वेग कोसाइन रॅम्पने 20,000 स्टेप्समध्ये चढवला, म्हणजे लाटेच्या तीन पिरियडपेक्षा थोडा जास्त वेळ. शिखर जवळजवळ गायब! स्ट्रौहाल (शेडिंग किती वेगाने होतं त्याचा आकडा) 0.299, बेंचमार्कची पट्टी 0.295 ते 0.305, म्हणजे आरामात आत. ड्रॅग मॅक्सिमम 3.27, हवं 3.22 ते 3.24. हा उरलेला फरक माझ्या मते पायऱ्यापायऱ्यांच्या सिलिंडरचा आहे.

एक छोटी गोष्ट सांगायची राहिली, नुसत्या चॅनलची (सिलिंडरशिवाय) टेस्ट आता सुंदर येते. हाफवे बाउन्स-बॅकमध्ये भिंत शेवटच्या नोडपासून अर्धा सेल बाहेर असते, त्यामुळे इनलेटच्या पॅराबोलात वाय (भिंतीपासूनचं अंतर) म्हणजे 'जे' (शून्यापासून मोजलेला नोडचा क्रमांक) अधिक 0.5 घ्यायचं. नुसता 'जे' घेतला तर भिंतीलगतच्या पहिल्या नोडवर वेग शून्य होतो आणि आत शिरल्याशिरल्या प्रोफाइल स्वतःला सरळ करत बसतं, प्लॉटमध्ये पहिल्या काही कॉलममध्ये बारीक सुरकुत्या दिसतात त्या याच.

टूल्सबद्दल: नंबा (पायथन कोड वेगवान करणारी लायब्ररी) जिंदाबाद, फंक्शनवर तिची एक ओळ, डेकोरेटर, लावली की पायथन पळतं. फुकटची क्लाउड नोटबुक मात्र लांब रनला मध्येच हात सोडते, मी आता सगळं घरच्या मशीनवर रात्री लावतो. टूडीसाठी पॅराव्ह्यू (निकाल चित्रात बघायचं मोठं सॉफ्टवेअर) उघडायचा कंटाळा येतो, नमपायच्या फाइल्स आणि मॅटप्लॉटलिबचा एक फोटो पुरे.

पुढे बूझिदीचं इंटरपोलेटेड बाउन्स-बॅक (पायऱ्यांऐवजी खरी गोल कड धरणारं) घालायचं ठरलं होतं, पण हे टाइप करता करता दुसरंच सुचलं. रॅम्पच कशाला? आधी री 20 चं स्थिर उत्तर काढून सेव्ह करायचं, तेच सुरुवात म्हणून लोड करायचं आणि इनलेटला हात न लावता टाऊ 0.8 वरून 0.56 वर हळूहळू उतरवायचा. वेग तोच राहणार, आदळआपट नाही, शिवाय री 20 चा ड्रॅग 5.58 येतो का तेही आपोआप तपासून होईल. बेंचमार्कमध्ये सिलिंडर खालून 0.20 आणि वरून 0.21 वर, मुद्दाम मध्यापासून किंचित सरकवून ठेवलाय, त्यामुळे शेडिंगला धक्का द्यायची गरज पडू नये. बूझिदी आता त्यानंतर. री 20 चा रन आत्ताच सुरू केलाय. कोणी टाऊ असा चालू रनमध्ये उतरवलाय का, आणि किती सावकाश?